क्रियापद खय आसा?

साखरी नाट्याच्या शाळेत फेरपरीक्षेचा वर्ग.
चार मुलं, एक पंखा,
आणि फळ्यावर माझं अक्षर:
फ्रेज म्हणजे शब्दांचा समूह,
ज्यात क्रियापद चालत नसतं,
ज्याला स्वतःचा पूर्ण अर्थ नसतो.

मासेमारीची बंदी उठायला एकोणीस दिवस.
लाँची वर ओढलेल्या, ताडपत्रीखाली.
म्हणून तर पुंडलिक आडिवरेकर वर्गात,
इंग्रजीत तिसऱ्यांदा नापास,
नखांत अजून डांबर.

नाउन फ्रेज, मी म्हणते. उदाहरण?
पुस्तकात आहे: अ ब्यूटिफुल गार्डन.
इथे बाग कुणाचीच नाही.
झुलेखा सोलकर खिडकीबाहेर बघून म्हणते,
द ओल्ड नेट ऑफ माय अंकल.
शाबास. यात 'नेट' हा लाँचचा मालक,
बाकी सगळे त्याच्या हिश्श्यावर राबणारे खलाशी.

मग प्रिपोझिशनल. दरवर्षी इथेच खडकाला लागतं.
ऑन द रॉक. अंडर द बोट. बिफोर द टाइड.
आपण म्हणतो खडकावर, होडीखाली, भरतीआधी.
आपला 'वर' मागून येतो,
लाँचला दोरीने बांधलेल्या होडक्यासारखा.
त्यांचा पुढे,
नाळीवर उभं राहून पाणी बघणाऱ्या तांडेलासारखा.
झुलेखा विचारते,
म्हणजे त्यांना 'वर' आधी कळतं
आणि कशावर ते नंतर?
मला उत्तर आलं नाही.
मी म्हटलं, पाठ करा.

इन्फिनिटिव्हला तिघांचं एकच उदाहरण:
टु गो टु कुवेत.
झुलेखाचं: टु गेट द पासपोर्ट बॅक.
कुणाचा, ते मी विचारलं नाही.
व्याकरण बरोबर होतं.

पुंडलिक तेवढा वेळ गप्प.
मग बाकावर रेलून, जरा हळूच:
'बाई, ह्या म्हंजे वायरलेसवर बोलतत तसाच ना?
आंबोळगडच्या भायर. बारा वाव पाणी.
सुरमय, दोन टब. इंजिन गरम.
ह्यात क्रियापद खय आसा?
पण आवशीक सगळा कळता.
बर्फवाल्याक फोन करता, टब धुवन ठेवता.'

वर्ग हसला. मीही हसले.
मग खडू हातात धरून
फळ्यावरची शेवटची ओळ बघत राहिले.
पुसली नाही.
परीक्षा आठ दिवसांवर होती,
आणि तपासणारा कुठला घाटावरचा,
त्याच्या घरात वायरलेस कुठून असणार.

पुंडलिक पास झाला, काठावर.
पेढे आणले नाहीत, बांगडे आणून दिले, वर्तमानपत्रात.
जाता जाता म्हणाला,
व्याख्या मी माझीच लिवलंय, बाई:
नो फुल मीनिंग, इफ नोबडी लिसनिंग.
त्यातही क्रियापद राहिलंच होतं.
मी सांगितलं नाही.

परवा राजापूरची पहिली एसटी पकडायला
बंदरावरून गेले. अंधार होता.
बर्फाच्या फॅक्टरीत एकच दिवा,
आणि टेबलावर वायरलेस, खरखरत:
'माडबनच्या समोर...
जाळा जड...
उजाडल्यावर...'
मी सवयीने कर्ता शोधला.
कोण, किती जण, उजाडल्यावर काय.
हातातल्या पिशवीत नववीच्या वह्या,
प्रत्येक वहीत लाल शाईनं माझं तेच वाक्य:
अपूर्ण. पुन्हा लिही.

दाराशी बसलेल्या बाईनं
वायरलेसकडे मानही वळवली नाही.
उठली. पदर खोचला.
एकात एक घातलेले टब
ओढून वेगळे केले, तीन,
मग थोडं थांबून, चौथा.