इतिवृत्त

सहकारनगर. वार्षिक सभा, गच्चीवर.
सदनिका अठ्ठेचाळीस, पोहे साठांचे,
आणि मी चिटणीस, शाई गळणारं पेन घेऊन.

विषय सहा : कामाच्या बायकांनी जिना वापरावा.
रेबेका आवसकर उठायच्या.
"माझा विरोध लिहा."
लिहायचो. विरोध : एक.
टिल्लू म्हणायचे, बाईंची तबकडी अडकली.
तिसऱ्या वर्षी त्यावर कुणी हसलंही नाही.

भाषण नाही, पत्रक नाही.
पाचव्या मजल्यावर राहून
त्या जिन्यानेच चढायच्या, यल्लव्वाबरोबर.
दुसऱ्या मजल्यावर दोघी टेकायच्या,
भाजीची पिशवी मधे.
तिथेच माझं दार.
त्यांचा दम ऐकू यायचा
आणि मी बातम्यांचा आवाज वाढवायचो.

चौथ्या वर्षी दोन हात.
दुसरा माझा नव्हे,
अष्टपुत्र्यांच्या सुनेचा.
मग पाच. मग मोजायचा कंटाळा येईल इतके.

यंदा टिल्लूंनीच ठराव मांडला, लिफ्ट सर्वांना.
"मी तर पहिल्यापासून म्हणतोय."
माना डोलल्या. अगदी मनापासून डोलल्या.
मी लिहिलं : सर्वानुमते मंजूर.
मागची पानं वाऱ्याने उलटली,
एक, एक, एक,
माझ्याच अक्षरात.

विषय सात : भाडेकरूंच्या पोरांना गच्ची बंद.
रेबेकाबाई बसूनच.
गुडघे आता उठू देत नाहीत.
चष्मा पुसत होत्या,
माझ्याकडे पाहिलंही नाही.

विरोध : एक, असं आधी लिहून टाकलं.
मग पेन झटकलं,
खुर्ची मागे सरकवली.