एकतारी

कोइंब्राच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
एंडोस्कोपीची खोली. खिडकी नाही.
मी सुई हातात देते, सिरिंज ओढते, बाटल्यांवर नावं लिहिते.
अकरा वर्षं झाली.

मंगळवारची दुसरी केस: एर्मेलिंडा सारायव्हा, वय त्रेसष्ट,
राहणार आव्हेरो, धंदा मिठाईचा.
मूतखड्यासाठी स्कॅन काढला
आणि स्वादुपिंडाच्या शेपटाशी दिसली
एक पाण्याची पिशवी, जर्दाळूएवढी,
न बोलावता येऊन बसलेली.

अशा पिशव्या बहुतेक निरुपद्रवी असतात.
बहुतेक. हा शब्द डॉक्टर टेल्मो हळू उच्चारतात,
अंधारात जिना उतरताना कठडा चाचपावा तसा.

नळी घशातून गेली, जठरात थांबली.
पडद्यावर करडा धूर, मधोमध काळा डोह.
सुई आत. मी दट्ट्या ओढला.
पातळ असतं तर भरभर आलं असतं.
आलं ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं,
आळोखेपिळोखे देत,
जेमतेम दीड मिलीलीटर.

पहिला थेंब डॉक्टरांनी हातमोज्यावर घेतला.
अंगठा आणि तर्जनी मिटली. उघडली.

तार.

बोटं लांब गेली, तार तुटेना.
पेराएवढी, दिव्याखाली लुकलुकणारी.
मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं,
मग तुटली.
कुणी काही बोललं नाही.

दुसरा थेंब साखर मोजायच्या पट्टीवर,
मधुमेही घरी वापरतात तसल्याच.
इथे साखर सापडली तर जीव भांड्यात पडतो.
साध्या पिशवीत रक्ताइतकी गोडी असते;
वाकड्या वाटेच्या पिशवीत
भिंतीतल्या पेशी रात्रंदिवस चिकट विणत बसतात
आणि हाताशी येईल ती साखर फस्त करतात.
यंत्राने आकडा दाखवलाच नाही.
'लो'.
मोजण्याइतकीसुद्धा नाही.

बाकीचं वर, प्रयोगशाळेत.
सीईए सातशेच्या पुढे. अमायलेज नाममात्र.
पेशी थोड्या, त्यांच्यावरून काही ठरवू नये अशा.
एक जनुक बदललेलं.
कागद म्हणतो, चिकट जातीची.
कर्करोग आहे म्हणत नाही.
नाही, असंही म्हणत नाही.

आठ दिवसांनी हे सांगायला बसलो.
डॉक्टर शब्द जुळवत होते, तर ती मध्येच:
"माझ्या गुंगीत कुणीतरी 'तार' म्हणालं. आली का?"
"आली."
"किती टिकली?"
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
"दोन मोजेपर्यंत," मी म्हणाले.

तिने हात वर केला. भाजल्याचे जुने पांढुरके डाग.
अंगठ्याला तर्जनी टेकवून हवेत ओढली.
चाळीस वर्षं तांब्याच्या कढईतला पाक
असाच पाहिला तिने, त्यात पिवळं बलक ओतण्याआधी.
"एकतारी," ती म्हणाली. "पण माझी तार साखरेची.
बिनसाखरेची तार कशाची हो?"

उत्तर कागदावर होतं. वाचून दाखवण्याजोगं नव्हतं.

"आमच्यात तार आली की कढई उतरवतात.
अजून थोडं बघू म्हणत उभं राहिलं
की पाक करपतो,
आणि करपलेला काही केल्या सुधारत नाही.
केव्हा उतरवायची, तेवढं सांगा."

ऑक्टोबर, डॉक्टर म्हणाले. शेपूट जाईल, प्लीहाही जाईल.
मधुमेह होऊ शकतो हे ते विसरत होते, म्हणून मी सांगितलं.
"मिठाईवालीला!" ती हसली,
आणि हसणं मध्येच सोडून
पर्समध्ये चष्मा शोधू लागली.
चष्मा डोळ्यांवरच होता.

जाताना टेबलावर ठेवून गेली
रंगवलेलं इवलंसं लाकडी पिंप,
आत बलकाची पिवळीधमक मिठाई.
पाळी संपल्यावर मी झाकण काढलं,
चमचा सापडला नाही, बोटानेच घेतलं,
आणि तोंडात घालण्याआधी
अंगठा टेकवून पाहिला,
उगाच.