काच कुठल्या बाजूला पडली

शुवैखच्या वर्कशॉपात पहाटे फोन वाजला.
मालक म्हणाला, टेप घे, खडू घे, हमदुलेला उठव.
जकातीच्या इमारतीत स्फोट झालाय,
तीन मजले. खिडक्या मोजून या.

आम्ही पोचलो तेव्हा
टेम्पोतल्या रेडिओवर सगळं आधीच पोचलं होतं:
गाडी कुठून आली, कुणी भरली,
कुठल्या देशात बसून कुणी बोट हलवलं.
तासही झाला नव्हता.
तासाभरात माझी
एका चौकटीची जुनी लांबी खरवडून होत नाही.

मी वाकलो, सवयीनं.
तीस वर्षं काच बसवतोय.
बाहेरून धक्का बसला की काच खोलीत येते,
टेबलांवर, फायलींवर,
झोपलेल्या वॉचमनच्या पांघरुणात.
इथे ती फुटपाथवर होती,
बुटांखाली करकरत होती.
आत टेबलावर चहाचा पेला,
अर्धा भरलेला, उभा.

हमदुले हळूच म्हणाला,
"बघतोस काय. मोज."

आता खरं सांगायचं तर
मलाही नक्की माहीत नाही.
कधी कधी धक्क्यामागून हवा उलटी ओढते
आणि काच बाहेर पडते,
भरतीमागं ओहोटी लागावी तशी.
पाहिलंय मी तसंही, एका गोदामात, गॅसची टाकी फुटली तेव्हा.
म्हणजे दोन्ही शक्य.
म्हणजे कुणीतरी थांबायला हवं होतं,
तुकडा किती लांब, कड कुठे तोंड करून,
हे उकिडवं बसून बघायला हवं होतं.
सातला झाडूवाले आले.
आठला पाण्याचा टँकर.
इतका स्वच्छ फुटपाथ मी त्या शहरात
अमिराची गाडी जायची असतानाही पाहिला नाही.

मोजमापाच्या कागदावर रकाने चार:
उंची, रुंदी, जाडी, नग.
दिशेचा रकाना नाही.
मी समासात एक बाण काढला.
मालकानं तो खोडला, रागानं नाही,
पोराच्या शर्टावरचं शीत झटकावं तसा.

बाराव्या दिवशी विमानं गेली.
रात्री तावदानं थरथरायची,
आम्हीच बसवलेली, लांबी अजून ओली.
टीव्हीवर प्रवक्ता यायचा, कडक इस्त्रीत,
म्हणायचा, ठोस पुरावे आहेत.
ठोस.
मी पुरावा कचऱ्याच्या गाडीत पडताना ऐकला होता.
फार नाजूक आवाज होता त्याचा.

आमचा ड्रायव्हर जब्बार, बसऱ्याचा.
कुणी केलं, का केलं, असं त्यानं कधी विचारलं नाही.
तो बहिणीला फोन लावायचा.
वाजून वाजून बंद व्हायचा,
मग एक दिवस वाजणंही बंद झालं.
त्या दिवशी त्यानं टेम्पो धुतला. दोनदा.

त्या वर्षी काचेला भाव आला.
ओव्हरटाइम दीडपट.
गुहागरला माझी पडवी बंद झाली,
सरकत्या काचा, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या.
बायको फोनवर म्हणाली, आता धूळ येत नाही हो घरात.
मी म्हटलं, बरं झालं.
दुसरं काय म्हणणार होतो.

हमदुले मागच्या वर्षी गेला, बाणकोटला, स्वतःच्या खाटेवर.
मी भेटायला गेलो तर त्याच्या थोरल्यानं पेटी उघडून दाखवली:
पासपोर्ट, अत्तराची रिकामी कुपी,
आणि बनियनमध्ये गुंडाळलेला
तळहाताएवढा तुकडा, सहा मिलीमीटर जाडीचा.
मला मोज म्हणणारा माणूस.
तुकड्यावर खडूनं एक बाण.

मी काच उजेडात धरली. बाण उजवीकडे.
उलटी धरली. डावीकडे.
कुठली बाजू आत होती
हे लिहायचं त्याचं राहून गेलं होतं,
किंवा लिहिलं होतं आणि बनियनला पुसलं गेलं.

पोरगा म्हणाला, चाचा, टाकून देऊ?
हाताला लागेल कुणाच्या.

थांब, म्हटलं.
जरा थांब.