दोन इंच तीन सूत

इब्रीच्या औद्योगिक वसाहतीत, टायरवाल्याच्या शेजारी
माझं दुकान. बाहेर सत्तेचाळीस अंश,
आत अक्रोडाचा भुसा.
झुवैना बिंत हमूद आली, शाळेत भूमिती शिकवते,
आणि दुखरं ढोपर दाखवावं तशी
बापाची रायफल तिनं बाकावर ठेवली.
म्हणाली, ही मला होत नाही.

फीत मी तिच्या भाचीच्या हातात दिली
आणि लांबून आकडे लिहीत राहिलो.
कोपर काटकोनात, बोट घोड्यावर.
घोड्यापासून कोपराच्या खळीपर्यंत
बारा इंच, एक सूत.
बापाचा दस्ता साडेचौदा.
दोन इंच तीन सूत:
एवढा बाप तिला जास्त होत होता.

शाजीनं कॅटलॉग उघडला, सुटे भाग तोच विकतो.
कार्बनचे दस्ते, किल्ली फिरवली की वरखाली होणारे,
ॲल्युमिनियमचे सांगाडे, ज्यात लाकूड औषधालाही नाही,
वाळवंटी रंग, हिरवा रंग, एक तर चक्क जांभळा.
तिनं वह्या तपासाव्यात तशी पानं उलटली.
दुपायी घेतली, साधी, घडीची.
आणि दुर्बिणीवर बसणारी बोटभर पाणसळ.
"डोंगर तिरके असतात," म्हणाली,
"त्यांच्याकडे बघून मी सरळ कशी राहू?"
शाजीचं तोंड पडलं.

मग गाडीतून तिनं एक ओंडका आणवला.
अंगणातलं गाफचं झाड, वादळात पडलेलं,
सहा वर्षं बकऱ्यांच्या गोठ्यात वाळलेलं.
दस्ता याचाच हवा.
मी साल नखानं उचकटली, वास घेतला, गप्प झालो.
आम्ही हिला शमी म्हणतो.
दसऱ्याला करवत, पटाशी, रंधा मांडून
वडील हिची पानं वाहायचे,
आणि आई सांगायची, कुणीतरी एकदा
आपली सगळी शस्त्रं या झाडावर ठेवून
वर्षभर दुसऱ्याच नावानं नोकरी केली.
(मला इथे एकोणीस वर्षं झाली.
माझ्या ओळखपत्रावर नाव चुकीचंच छापलंय,
मी दुरुस्त करायला गेलो नाही.)

पण लाकूड लाकूड असतं. मी खरं ते सांगितलं:
जड आहे, पीळदार आहे, तडकेल.
तडकलेला दस्ता गोळी कुठे नेईल
ते त्याचं त्यालाही कळणार नाही.
ती भांडली. भूमितीवाल्या बाईसारखी, मुद्देसूद.
शेवटी ठरलं, दस्ता अक्रोडाचा,
गाल टेकतो तेवढी पट्टी शमीची.

नळी लाकडाला टेकता कामा नये, कुठेच.
अर्ध्या रियालची नोट मी नळीखालून सरकवतो,
अडली की तिथे घासतो, पुन्हा सरकवतो.
पैसा इतका अलगद
माझ्या हातून दुसरीकडे कुठे गेलेला नाही.

गालपट्टीला मात्र माप नव्हतं.
सावंतवाडीत मी लाकडाचे आंबे करायचो,
देठाजवळचा तो खांदा, तो तळव्यालाच कळतो.
तोच इथे उतरला. तिला सांगितलं नाही.

शुक्रवारी पहाटे मैदानावर गेलो.
आठशे मीटर. सूर्य डोंगरावर येईतो
जमीन वितळायला लागली होती.
मृगजळ डावीकडून उजवीकडे वाहत होतं,
त्यावरून ती वारा वाचत होती, ओठ हलवत.
पालथी, कोपरं रोवलेली, पाणसळीतला बुडबुडा मध्यावर.
मला वाटलं, आता.
तिनं श्वास सोडला, पण घोडा ओढला नाही.
पुन्हा घेतला. पुन्हा सोडला.
मग मान उचलली.
गालावर शमीच्या रेषा उठल्या होत्या.

"मिस्त्री," म्हणाली,
"दुर्बिणीच्या कडेला अजून काळी चंद्रकोर दिसते.
एक सूत खाली."

मी वाळूत मांडी घातली
आणि पिशवीतून कानस काढली.