हीच किंवा तीच

पहाटे साडेचारला, नॉर्फकमधल्या दलदलीकाठी,
हेस्टर थर्लो दिव्याखालची पेटी उघडते.
अंड्यांचे रिकामे पुठ्ठे एकेक उचलते,
आत झोपलेल्यांची झोप न मोडता.

सातव्या पुठ्ठ्याच्या खळग्यात ती बसलेली:
राखी पंख, आणि त्यांवर काळ्या शाईनं
घाईत ओढलेली कट्यार.
मूठ, पातं, सगळं.

करडी कट्यार म्हणतात या पतंगाला.
किंवा काळी कट्यार.
नावावर जाऊ नका, काळी काही करडीहून काळी नसते.
एकीला झाकावं, दुसरीला काढावं.

सिरिल होता तेव्हा सोपं होतं.
तो मारायचा, पोट कापायचा,
कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळायचा,
आणि सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता ओरडायचा,
"काळी!"
तोवर चहा निवलेला.
चाळीस वर्षांच्या काचपट्ट्या अजून कपाटात आहेत,
प्रत्येकीवर मोहरीएवढा पुरावा, आणि तारीख.

हेस्टर कापत नाही.
वहीत लिहिते: अकरा जून, एक, हीच किंवा तीच.
जिल्ह्याचा नोंदणीवाला कळवतो,
बाई, यानं नकाशावर ठिपका पडत नाही.
न पडो.

तिला दुसरी वाट ठाऊक आहे, लांबची.
सप्टेंबरात ती कुंपणाच्या हॉथॉर्नपाशी जाते,
जुनी छत्री फांदीखाली उलटी धरते
आणि काठीनं टकटक करते, दारावर करावी तशी.
टपटप पडतात सुरवंट.
एकीच्या पोराच्या पाठीवर पिवळाधमक पट्टा
आणि काळं शिंग, उंच, उद्धट;
दुसरीच्याला शिंग कसलं, नुसतं टेंगूळ,
पट्टा पांढरा, त्यात नारिंगी सांडलेलं.
शेंबड्या पोरालाही डावं-उजवं करता यावं.

म्हणजे लहानपणी कळतं, आणि मेल्यावर.
मधे, उडताना, नाही.

परवा एक काचपट्टी पुसताना
चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीचं अक्षर दिसलं, सिरिलचंच,
बारीक, कुणी वाचू नये असं:
खात्री नाही.
ती बराच वेळ फडकं हातात धरून बसली.
ओरडला तर होता तो.
तिला स्वयंपाकघरात ऐकू आलं होतं.

आता उजाडतंय. रॉबिन फावड्याच्या दांड्यावर
येऊन बसलाय, रोजच्यासारखा, हक्कानं.
हेस्टर पुठ्ठा उचलते, आयव्हीच्या दाटीत आत खोचते,
त्याला दिसणार नाही असा.
त्याला चवीत फरक कळतो का,
हे अजून कुणी विचारलेलं नाही.