नमुना क्रमांक सहा

सकाळी दहाला जीभ सर्वांत खरं बोलते,
म्हणून परीक्षा दहाला.
पांढरा टेबलक्लॉथ, बिनमिठाचा पाव,
थुंकायला जस्ताची बादली
आणि खिडकीबाहेर बुर्या,
कार्स्टच्या पठारावरचा आमचा वारा,
ज्याच्या धाकानं माणसं छपरावर दगड ठेवतात.
आम्ही पाच जण. कुणी अत्तर लावलेलं नाही.
झ्मागोनं कॉफीसुद्धा घेतली नाही,
त्यामुळे त्याच्याशी कुणी बोलत नाही.

एक. माल्वाझिया.
वाळायच्या आदल्या दिवशीच्या गवताचा रंग.
आधी जर्दाळू, मग बऱ्याच उशिरानं मीठ.
समुद्र इथून दिसत नाही,
पण येऊन गेलाय.

दोन. विटोव्स्का.
हिचं कौतुक करणं अवघड.
नाशपाती आहे, पण नुसती साल,
आणि लहानपणी कुंपणाचा चुनखडीचा दगड
ओला असताना चाटून पाहिला होता, ते.
कमी बोलणारी पाहुणी;
ती होती, हे ती गेल्यावर कळतं.

तीन. पुन्हा तीच द्राक्षं,
पण सहा महिने सालींसकट मुरलेली.
मधाचा रंग, आणि गोडीचा पत्ता नाही.
मेण, कोरा चहा, संत्र्याची वाळली साल,
हिरड्यांना धरून बसणारा तुरटपणा.
नेयत्स म्हणाला, दोष.
झ्मागो म्हणाला, तुझं वय.
मग सगळ्यांनी पाव खाल्ला.

चार रेबुला, ठीक.
पाचला केळ्याच्या गोळीचा वास येत होता.
फॉर्मवर मी लिहिलं : स्वच्छ.

सहा. तेरान.
शाई सांडावी तशी जांभळी, काठाशी अजून लाल.
ग्लास नाकाशी नेला
आणि मी तळघराच्या चौदा पायऱ्या उतरले.

ब्लॅकबेरी. गंजका नळ. तांबड्या मातीचं ते लोखंड,
ज्यानं दात आंबतात आणि हात पुन्हा ग्लासाकडे जातो.
त्याच्या खाली जुनं चेस्टनटचं लाकूड,
तिसऱ्या फळीला वडिलांनी लावलेलं मेण.
बाटलीवर नाव नव्हतं.
नाव कशाला हवं.

लुद्विकशी मी अकरा वर्षं बोललेले नाही.
वेलींच्या सात ओळी, एक पडकी भिंत,
कोर्टात भिजत पडलेलं घोंगडं.
वडिलांना पुरून आलो त्या संध्याकाळी
पाहुण्यांदेखत तो मला म्हणाला होता,
नाकानं कांदे सोलणारी.
खरंय. त्याचाच मला पगार मिळतो.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
माझ्या जिभेला ते ठेवावं लागतं.

म्हणून दुसरा घोट.
आणि तिथे, अगदी शेवटी, घशाच्या वळणावर,
व्हिनेगर.
थोडंच. पण लपणारं नाही.

पिंप वरपर्यंत भरलेलं नाही.
वाइन आटते, जागा सुटते, हवा शिरते;
दर शनिवारी शिडी लावून ओतावं लागतं.
एकट्याला जमत नाही ते.
वडील ओततात, लुद्विक शिडी धरतो,
मी पिंपाच्या तोंडाशी दिवा धरते,
कुठे थांबायचं ते दिसावं म्हणून.
नंतर वडील नव्हते. नंतर मी नव्हते.

एकसष्ट गुण दिले.
पासाला सत्तर लागतात.
भाऊ म्हणून एकही वाढवला नाही,
भाऊ म्हणून एकही कापला नाही,
हे मी तीनदा बेरीज करून पाहिलं.
शेऱ्यासाठी दोन ओळी असतात.
पहिलीत लिहिलं : बाष्पशील आम्ल मर्यादेबाहेर, द्राक्ष उत्तम.
दुसरीत : दिवा धरायला माणूस हवं.

नेयत्स कागद गोळा करत होता.
'दिवा?' त्यानं विचारलं.
तांत्रिक शब्द आहे, मी म्हणाले,
आणि बादली त्याच्याकडे सरकवली.
सहाव्या नमुन्यापुरती
मला ती लागली नव्हती.

सात गोड होती बहुतेक.