उघडा ‘आ’

रात्री सव्वाअकराला चाल येते.
स्टॉकहोमच्या कुणा पोरानं गायलेली,
शब्दांच्या जागी ना ना बेबी, ना ना हे,
रिकामे डबे एकावर एक रचावेत तशी.
सोबत एक कागद: सकाळी नऊच्या आत.
हवं: उन्हाळा, आत्मविश्वास, चमक.
नको: आई, घरभाडं, मरण, महिन्यांची नावं.
धृपदाच्या दुसऱ्या अक्षराला तोंड उघडं हवं,
‘आ’ हवा. ‘ऊ’ चालणार नाही,
‘ऊ’ म्हणताना मुलींचे गाल आत जातात,
कॅमेऱ्यात वाईट दिसतं.

ह्याच चालीवर आज रात्री
सोलपासून बुसानपर्यंत एकशेवीस जण जागे आहेत.
निवडलं तर पैसे. नाही तर
चूळ भरायची आणि शिकवण्यांना निघायचं.
मी इंचॉनमध्ये एका लॉन्ड्रीच्या वर राहते.
खालची यंत्रं ठेक्यात फिरतात,
मला मेट्रोनोम लागत नाही.

खोटं कशाला बोलू, चाल चांगली होती.
तिसऱ्या ओळीत एक सूर असा खाली यायचा
की ओल्या फरशीवर पाय सटकावा
आणि पडता पडता कुणी सावरावं.
तिथं मी आईला बसवली.
नाव न घेता. आई नको, कागदावर लिहिलंय.
फक्त तिच्या ओठांतल्या टाचण्या.
गुरोच्या कारखान्यात कॉलरी शिवताना
ओठांत टाचण्या धरून हसायची ती,
एकही न सांडता.
बरोब्बर बसलं. मी स्वतःलाच टाळी दिली.

निवडलं.
दो-ग्योंगचा फोन आला, आवाजात मध:
‘ओठ छान. हसणं छान. टाचण्या टोचतात गं.’
मी म्हटलं, टोचायलाच तर...
तो म्हणाला, ‘प्रायोजक लिपस्टिकवाले आहेत.’
घरमालकाची चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली होती.
मी म्हटलं, काढा.
इतक्या पटकन म्हटलं
की वर्षभर तो ‘काढा’ मला ऐकू येतोय,
छान उघड्या ‘आ’चा,
कॅमेऱ्यात शोभेलसा.

अकरा नावांत माझं नववं: मा ग्योंग-ऊन.
पावणेदोन टक्के. त्यातले निम्मे अकादमीचे.
सहा मुली, सहा रंगांचे केस,
ओठांवर हासू, चम चम चम.
त्यांतली सगळ्यांत धाकटी, सतरा वर्षांची,
त्या सटकत्या सुरापाशी दर वेळी
क्षणभर डोळे मिटते.
कुणी शिकवलं असेल तिला तसं.
की तिथं काहीतरी होतं, हे जिभेला कळतं,
पडलेल्या दाताची जागा कळते तसं?
विचारायची सोय नाही.
तिचा करार माझ्याहून लांब आहे.

परवा योनान धक्क्यावरच्या मासळीबाजारात
मावशी (इथंही विकणारीला मावशीच म्हणतात)
माझ्या धृपदावर बांगडे विकत होती:
‘बांगडा चाऽर, बांगडा चाऽर,
दोन घेतलेस तर साऽत!’
उघडा ‘आ’, जागच्या जागी.
एकशेवीसांत ती असती
तर दो-ग्योंगनं डोळे झाकून तिलाच घेतलं असतं.
टक्के नाहीत, नाव नाही, परवानगी तर नाहीच.
राग यावा म्हणून मी थोडी थांबले.
पण तीही विकतच होती,
आणि तिचे बांगडे ताजे होते.

दोन घेतले.
तिनं पिशवीचे बंद दातांत धरले,
दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारला,
आणि तशीच, बंद न सोडता,
हसली.

घरी येऊन मी वही उघडली नाही.
बांगड्यांना मीठ लावलं.
खाली यंत्रं फिरत होती.
सव्वाअकराला चाल आली.